चार पावरच्या दुर्बिणीचे वारस

मी, गुणाजी रघू कोबनाक, वय वर्षे अडुसष्ट, धंदा पूर्वी मुंबईस बंदूक-मिस्त्री व हल्ली भातशेती, राहणार मौजे कोंढेपाली, तालुका श्रीवर्धन, जिल्हा कुलाबा, आपल्या घराच्या पडवीत उजेडाकडे तोंड करून बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शाळेचे शिवदास गुरुजी यांनी मला सतराचा पाढा म्हणायला लावून तशी खात्री करून घेतली. मी तो न अडखळता म्हटला. गुरुजी स्वतः मात्र सतरा आठेला चुकले, हेही इथे नमूद करतो. माझ्यावर कोणाचा दाब नाही. पत्नी मनुबाई दारात उभी राहून "आवरा, पेज निवते हाय" असे दर थोड्या वेळाने म्हणते आहे, तो दाब धरू नये.

श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितले की हृदय थकले आहे. मी त्यांना म्हटले, थकणारच, त्याने कधी रजा घेतलेली नाही. ते हसले आणि "कागदपत्रे करून ठेवा" म्हणाले. म्हणून हे लिहिणे. भीती वाटते असे नाही. माझे दिवस मजेत गेले, आणि जे शिल्लक आहेत तेही मजेत घालवावेत असा बेत आहे.

या कागदात ज्यांची नावे येतील ती माणसे अशी: पत्नी मनुबाई. एकुलता एक मुलगा सदा. त्याची बायको केसर. माझ्या बहिणीचा मुलगा धर्मा, जो दिघीला लाँचच्या इंजिनावर आहे. मनुबाईचा भाऊ बाळाजी, चौलचा. आणि शेजारी येसाजी दादू मांदाडकर, ज्याचे शेत माझ्या शेताला लागून आहे, आणि ते दर पावसाळ्यात थोडे जास्तच लागते.

कलम पहिले. राहते घर, परस, परसातील नऊ माड व एक विहीर ही मनुबाईच्या हयातीपर्यंत तिच्या ताब्यात राहावीत आणि तिच्या पश्चात सदाकडे जावीत. तिच्या परवानगीशिवाय घरातली एकही वस्तू हलवू नये. मी स्वतः एकेचाळीस वर्षे हा नियम पाळला आहे, मुलानेही पाळावा. भातशेती सदाच्या नावे. ती कसताना त्याने केसरला विचारावे. तो विचारतोच, पण लिहून ठेवलेले बरे.

कलम दुसरे. पोस्टातल्या पुस्तकात जे काही असेल ते मनुबाईचे. त्यातून माझे दिवस घालताना गावजेवण घालू नये. त्याऐवजी देवळाच्या सभामंडपावरची कौले चाळून घ्यावीत. जेवलेले लोक आठ दिवसांत विसरतात, गळणारे कौल बंद झाले की दरवर्षी आठवण काढतात.

कलम तिसरे. माझी हत्यारांची पेटी भाचा धर्मा यास. तिच्यात बारा पेचकस आहेत, आणि प्रत्येकाचे टोक मी वेगवेगळ्या पेचाच्या खाचेसाठी घासलेले आहे. यातल्या एकानेही नारळ सोलू नये, डबा उघडू नये, लाँचच्या इंजिनात खुपसू नये. धर्मा, तू हे वाचून हसशील. हस, पण ऐक. भिंग पुसायचा ब्रश मुंगसाच्या केसांचा आहे. तो तोंडाने फुंकून साफ करायचा नाही, कारण तू तंबाखू खातोस.

कलम चौथे. मेहुणा बाळाजी यास मी एक दुर्बीण देतो. कोणाच्या भुवया उंचावण्याआधी खुलासा करतो की ही ती दुर्बीण नव्हे. सन १९५६ च्या श्रावणात बाळाजी आमच्याकडे राहायला आला असता त्याने माझी एक जुनी दुर्बीण पाहायला घेतली, तिच्यात दमट हवेचे धुके दिसले म्हणून मला न विचारता ती चुलीच्या वैलावर वाळत ठेवली आणि स्वतः मासे आणायला गेला. दोन भिंगे एकमेकांना चिकटवलेली असतात. तो डिंक वितळला. तेव्हापासून त्या दुर्बिणीतून पाहिले की समोर बाळाजी असो की म्हैस, सारखेच दिसतात. तीच दुर्बीण मी त्याला मोठ्या प्रेमाने देतो. मनुबाई म्हणते, हे लिहू नका. पण लिहिले आहे, आणि शाईने लिहिले आहे.

कलम पाचवे. आता मुख्य मिळकत. माझ्याकडे तीनशे पंधरा बोअरची एक रायफल आहे, जिचा परवाना पीकसंरक्षणासाठी माझ्या नावे आहे. आणि तिच्यावर बसवलेली चार पावरची जर्मन बनावटीची एक दुर्बीण आहे. जमीन लिहून देताना चतुःसीमा देतात. दुर्बिणीला सीमा नसतात, म्हणून ती माझ्याकडे कशी आली ते देतो. माझ्या वारसांना पुढेमागे नवी घ्यावी लागली तर त्यांनी हे कलम बरोबर घेऊन जावे आणि दुकानदाराच्या बोलण्यावर न जाता यावर जावे.

मी फोर्टमधल्या एका बंदुकीच्या दुकानात बत्तीस वर्षे मिस्त्री होतो. रायफलीवर दुर्बिणी बसवणे हे माझे काम. राजेरजवाड्यांच्या, साहेबांच्या, चहामळेवाल्यांच्या शेकडो दुर्बिणी या हातांखालून गेल्या. गिऱ्हाईक यायचे ते दुपारी. दारात उभे राहून समोरच्या इमारतीवरची पाटी बघायचे आणि "वा, अक्षर न् अक्षर दिसते" म्हणून खूष व्हायचे. मग विचारायचे, "हिच्याहून जास्त पावरची नाही का?" जणू दुर्बीण म्हणजे औषध, जितकी पावर जास्त तितका गुण. अहो, दुपारी बारा वाजता पाटी वाचायला दुर्बीण कशाला, चष्मा पुरे. डुक्कर शेतात येते ते दिवेलागणीला. तेव्हा काय दिसते ते सांगा.

सन १९५२ मध्ये मी काम सोडले, तेव्हा आमच्या पारशी मालकांनी सांगितले की दुकानातली तुला हवी ती दुर्बीण उचल. निवडायला मी अकरा संध्याकाळी घेतल्या. दुकानाच्या मागे एक सज्जा होता, खाली बोळ, आणि बोळात जिन्याखाली कोळशाची पोती. त्या पोत्यांवर एक काळे मांजर झोपायचे. मी कपाटातल्या नऊ दुर्बिणी एकेक करून सज्जात न्यायचो आणि दिवे लागायच्या वेळी ते मांजर बघायचो. मांजर कुठे संपते आणि पोते कुठे सुरू होते हे जिच्यातून कळेल ती ठेवायची, बाकीच्या कपाटात परत. नवापैकी चार उरल्या. त्या चारांपैकी दोन तर कपाटातल्या महागांपैकी नव्हत्याच. ज्यांच्या भिंगावर जांभळट झाक होती त्या सगळ्या उरल्या, हे ध्यानात ठेवा. ती झाक म्हणजे शोभा नव्हे, तिच्यामुळे उजेड परतून न जाता आत येतो.

मग त्या चार मी कोमट पाण्याच्या बादलीत बुडवल्या. मालक ओरडत आले. मी म्हटले, शेट, आमच्या गावाला चार महिने पाऊस पडतो, तो काही दुर्बिणीला विचारून पडत नाही. दोघींतून बुडबुडे आले. बुडबुडा बाहेर आला म्हणजे पाणी आत जाणार, आणि पाणी आत गेले की भिंगाला आतून बुरशी. त्या दोन बाद. राहिल्या दोन. त्या रायफलीवर चढवून रायफल शेगड्यात, म्हणजे टेबलावरच्या पकडीत, घट्ट आवळली आणि आतली फुली समोरच्या भिंतीवरल्या एका खुणेवर आणली. मग वरचा पेच वीस खटके वर, बाजूचा वीस खटके उजवीकडे, पुन्हा वीस खाली, वीस डावीकडे. चौकोनाची अशी प्रदक्षिणा घालून फुली बरोबर त्याच खुणेवर परत यायला हवी. एक आली. दुसरी वाट चुकून दोन बोटे पलीकडे थांबली, आणि ती सगळ्यांत महाग होती. त्या वेळी मला जो आनंद झाला तो मी लपवला नाही, सज्जातच टाळी वाजवली.

शेवटची गोष्ट डोळ्याची. चांगली दुर्बीण डोळ्यापासून चार बोटे लांब धरूनही पुरी गोल दिसते. जिच्यात बघायला डोळा चिकटवावा लागतो ती बार उडाल्यावर भुवई फोडते. आणि पावर चारच्या वर घेऊ नये. दहाची दुर्बीण डुकराचा एक केस दाखवते, पण डुकराच्या शेजारी काय आहे ते दाखवत नाही. आमच्याकडची शिकार शेतातली, आणि शेतात शेजारी नेहमी कोणीतरी असतेच.

अकराव्या संध्याकाळी मी मालकांकडे ती एक घेऊन गेलो तेव्हा ते म्हणाले, "अरे गुनाजी, बायडी पसंत करायला पण एवढा टाइम घेतला होता काय तू?" मी खरे ते सांगितले, की बायको माझ्या वडिलांनी एका दुपारी पसंत केली, आणि तिथे आमचे नशीब जोरावर होते. मनुबाई वाचायला शिकलेली नाही. गुरुजींनी तिला हे वाक्य वाचून दाखवावे.

दुर्बिणीची राखण अशी करावी: पावसाळ्यात ती पत्र्याच्या डब्यात, भाजलेल्या तांदळात पुरून ठेवावी. तांदूळ दमट हवा ओढून घेतात. दर आठ दिवसांनी तांदूळ बाहेर काढून पुन्हा भाजावेत. ते शिजवू नयेत. मनुबाईने एकदा काटकसर म्हणून शिजवले आणि आम्ही घरचे चौघे दोन दिवस बंदुकीच्या तेलाचे ढेकर देत होतो.

कलम सहावे. हे कलम येसाजी मांदाडकर याच्याविषयी आहे, आणि खरे म्हणजे माझ्या मुलाविषयी आहे.

सन १९५४, हस्ताचा पाऊस. भात लोंबीला आलेले, डुकरांनी दोन रात्री वाडीतली चार शेते तुडवलेली. सदा तेव्हा नुकताच मुंबईचे काम सोडून आला होता आणि येताना जुन्या बाजारातून दहा पावरची एक लांबलचक चकचकीत दुर्बीण घेऊन आला होता. मी नको म्हटले. तो म्हणाला, "बाबा, तुमची म्हातारी झाली." पोराचा हौसेने आणलेला माल, मी त्या संध्याकाळी त्याचीच दुर्बीण रायफलीवर चढवून दिली. माझी फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतली. मी, सदा आणि वाडीतले दोघेतिघे शेतातल्या माळ्यावर बसलो होतो आणि केसर किटलीतून चहा घेऊन शिडीवर चढत होती.

मांदाडकराच्या बांधाला, भाताच्या वर, एक काळी पाठ दिसली. हलणारी, केसाळ, वाकलेली. माळ्यावरचे सगळे कुजबुजले, "एकला हाय, एकला हाय!" एकला म्हणजे कळपातून फुटलेला जुना नर, सगळ्यांत वाईट. सदाने दुर्बिणीला डोळा चिकटवला. दहा पावरमधून त्याला ती पाठच्या पाठ दिसली, काळी आणि राठ, आणि त्याने बोट घोड्यावर ठेवले. मी माझी दुर्बीण उचलली, पण चहाच्या वाफेने माझा चष्मा धुरकटला होता. केसरने किटली खाली ठेवली आणि म्हणाली, "मामंजी, बघू?" तिने त्याआधी कधी दुर्बीण हातात धरली नव्हती. मी दिली.

तिने बघितले आणि अगदी सावकाश सांगितले, "मामंजी, डुकराच्या हातात कुदळ हाय."

मी नळीला खालून हात मारला. बार उडाला तो आभाळात. सदाची भुवई दुर्बिणीने फोडली, रक्त गालावर आले. आणि बांधावरचे ते डुक्कर दोन पायांवर उभे राहिले, ओरडले, आणि कुदळ टाकून पळत सुटले. ते इरले होते. मुंबईच्या कोणा वकिलाने हे वाचले तर त्याच्यासाठी सांगतो: इरले म्हणजे बांबूच्या कामट्यांचे, वरून पानांनी शाकारलेले, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारे पावसाचे पांघरूण. ते घेऊन माणूस शेतात वाकला की मागून माणूस राहतच नाही, नुसती पाठ राहते. सबंध कोकण आषाढापासून तसे वाकलेले असते. आम्ही सगळे इरल्यातच वाढलो, तरी त्या संध्याकाळी माळ्यावरच्या एकालाही ते आठवले नाही, कारण आम्हाला डुक्कर हवे होते.

येसाजीचे म्हणणे असे की तो कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरत होता. कुदळीने कुर्ल्या धरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तो आमचा बांध कोरत होता हे उघड आहे. पण त्याने कधी पोलिसपाटलाकडे शब्द काढला नाही, आणि मी त्या बांधाला कधी मोजणीची दोरी लावली नाही. दुसऱ्या दिवशी सदा भुवईला पट्टी बांधून त्याच्या पाया पडायला गेला तेव्हा येसाजीने त्याला पाट दिला आणि ताक दिले. त्या ताकाची मला अजून लाज वाटते आणि आनंदही वाटतो. तेव्हा बांधालगतची ती सव्वा हाताची पट्टी, जी त्याने या सात वर्षांत तशीही घेतलेलीच आहे, मी आता राजीखुशीने लिहून देतो. साक्षीदाराला काही देऊ नये म्हणतात आणि येसाजी साक्षीला आहे, म्हणून ती त्याची नात गोदू हिच्या नावे.

सदाविषयी. त्याने ती दहा पावरची दुर्बीण विकून टाकली. तो कष्टाळू आहे, मायाळू आहे, आईला दुखले तर आधी त्याच्या डोळ्यांत पाणी येते. पण त्याच्या बोटाला धीर नाही. गेल्या वर्षी मी शेजारी नसताना झुडपात खसफसले म्हणून त्याने माझी रायफल झाडली, ती राहीबाईची शेळी निघाली. आम्ही आमची शेळी तिला नेऊन दिली आणि विषय मिटला. शेळीच्या जागी राहीबाई असती तर मिटला नसता. मी असेपर्यंत माळ्यावर त्याच्या शेजारी मी बसतो. माझ्या पश्चात कोण बसणार, हा एकच घोर मला आहे. बाकी सगळे मी हसत सोडून जाईन.

~~कलम सातवे. वरील कारणास्तव रायफल व तिच्यावरील दुर्बीण माझ्या पश्चात पोलीस ठाण्यात जमा करावी व कोणाही वारसाने तिच्यावर हक्क सांगू नये.~~

वरील कलम मी स्वतः खोडले आहे. बाजूस माझी सही आहे. का खोडले ते लिहितो.

इथवरचा मजकूर काल लिहून झाला. आज सकाळी येसाजी साक्षीची सही करायला आला, धुतलेला सदरा घालून, केस पाणी लावून बसवून. गुरुजींनी त्याला सगळे वाचून दाखवले. बाळाजीच्या कलमाला तो इतका हसला की त्याला ठसका लागला. कुर्ल्यांच्या वाक्याला त्याने छपराकडे पाहिले. सातवे कलम ऐकून मात्र त्याने टाक खाली ठेवला.

"ह्या कलमाखाली मी सही करनार न्हाय," तो म्हणाला.

मी म्हटले, "अरे, तुझ्याच जिवासाठी लिवलंय."

"माझा जीव माझ्याजवळ हाय. पन डुकरं? ती काय तुझं मृत्युपत्र वाचून रान सोडनार हायत? वाडीत बंदूक एक. ती ठान्यात जाऊन बसली तर भात कोन राखनार, तुझं भूत?"

"मग देऊ कोणाला ते तू सांग," मी चिडून म्हटले. "नळीच्या पुढं तू व्हतास, मी न्हवतो."

येसाजीने आतल्या दाराकडे पाहिले. आत केसर तांदूळ पाखडत होती, सुपाचा आवाज येत होता. तो म्हणाला, "बंदूक सदाला दे. त्याचा हात चांगला हाय. पन दुर्बीन केसरला दे. त्या दिशी दोघांनी मला बगितला, गुणाजी. त्याला माझी पाठ दिसली. तिला माझा हात दिसला."

गुरुजींनी लगेच विचारले, "म्हणजे हातात कुदळ होती, हे कबूल?"

"गुरुजी," येसाजी म्हणाला, "सही कुठं करायची तेवढं सांगा."

आम्ही हसलो. पण मला खोट दिसत होती. रायफलीच्या नळीच्या टोकाला माशी असते, नेम धरायचा तो लोखंडी उंचवटा. दुर्बीण नसली तरी माशीवरून नेम धरता येतो. केसर घरात, दुर्बीण डब्यात आणि सदा एकटा माळ्यावर, असे एखाद्या संध्याकाळी झाले तर? हे मी बोलून दाखवले, आणि बोलताना ध्यानात आले की सदा पडवीच्या खांबाला टेकून उभा आहे. त्याने पहिल्यापासून सगळे ऐकले होते. शेळीचे, बोटाचे, सगळे. चार माणसांत बापाने असे वाचून दाखवलेले कोणाला आवडेल? मला वाटले, आता हा निघून जाईल, आणि गेला असता तर मी त्याला बोल लावला नसता.

तो आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या एका हातात रायफल होती आणि दुसऱ्या हातात माझी हत्यारांची पेटी. त्याने रायफल उघडून आत गोळी नाही ना ते पाहिले, येसाजीलाही दाखवले. मग खाली बसून नळी दोन गुडघ्यांत धरली, पेटीतली बारीक कानस काढली आणि माशी घासायला लागला. कानशीचा आवाज तेवढा. आतला सुपाचा आवाज थांबला आणि केसर दारात येऊन उभी राहिली. माशी पुरी सपाट होईपर्यंत आमचा चहा निवून गेला.

त्याने बोट फिरवून पाहिले, आणि रायफल माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाला, "बाबा, माझा माझ्या बोटावर भरवसा न्हाय. हिच्या डोळ्यावर हाय. तसं लिवा."

मी रडलो. हे लिहिण्यात मला कमीपणा वाटत नाही. मनुबाईने पदराने माझा चष्मा पुसला, म्हणजे आणखी खराब केला. मी आयुष्यभर इतरांच्या बंदुकींचे नेम सरळ करत आलो. माझ्या पोराने स्वतःचा नेम स्वतः सरळ केला, तोही माझ्या डोळ्यांदेखत. याहून मोठी मिळकत मला कोणाला देता येणार नाही.

म्हणून कलम सातवे, नव्याने. रायफल मुलगा चि. सदा यास. माझ्या पश्चात ती लगेच पोलीस ठाण्यात नेऊन ठेवावी आणि सदाच्या नावे परवाना झाल्यावरच घरी आणावी. दुर्बीण, तिचा डबा आणि डब्यातले तांदूळ सून चि. सौ. केसर हिला, तिची स्वतःची म्हणून, सदाचा तिच्यावर काडीचा हक्क नाही. दुर्बीण रायफलीवर चढवायची ती केसरने आपल्या हाताने, माळ्यावर, आणि उतरवायचीही तिनेच. आधी तिने बघावे. शेजारी, मागे, बांधाला, झुडपापाशी कोण आहे ते बघावे. तिने "हाय" म्हटल्याशिवाय सदाने रायफल खांद्याला लावू नये. डुक्कर पडले की वाडीत वाटे होतात, आणि गोळी घालणाऱ्याला एक वाटा जास्त मिळतो. तो जास्तीचा वाटा यापुढे केसरचा. ज्या संध्याकाळी ती "न्हाय" म्हणेल आणि बार उडणार नाही, त्या संध्याकाळी तिला घरात गोडधोड करून घालावे. ते मनुबाईने करावे, तिच्या पश्चात सदाने.

केसरला मी विचारले, हे तुला मान्य आहे का. ती म्हणाली, "मामंजी, रोज संध्याकाळी मी माळ्यावर बसले तर भाकऱ्या कोन थापनार?" सदा म्हणाला, "मी." येसाजी म्हणाला की हेही कागदात घ्या. घेतले आहे.

या मृत्युपत्राची व्यवस्था शिवदास गुरुजींनी पाहावी. वर जे लिहिले ते मी शुद्धीत, आनंदात आणि माणसांनी भरलेल्या पडवीत लिहिले आहे. खोडलेले कलम सोडून त्यातले प्रत्येक अक्षर मला मंजूर आहे. याआधी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, आणि यानंतर करण्याची वेळ येऊ नये. माशी होती तिथले लोखंड उघडे पडले आहे, त्यावर तेल लावायला सदाला सांगितले आहे. तो आत्ता तेच करतो आहे, आणि केसर त्याच्या शेजारी बसून, दुर्बीण डोळ्यापासून चार बोटे लांब धरून, रस्त्याने जाणारी माणसे एकेक करून नावाने ओळखते आहे.

(सही) गुणाजी रघू कोबनाक

वरील गृहस्थांनी आमच्यासमक्ष सही केली व आम्ही त्यांच्यासमक्ष केली.

साक्षीदार
१. शिवदास मोरू म्हशीलकर, शिक्षक, प्राथमिक शाळा, कोंढेपाली
२. येसाजी दादू मांदाडकर, शेती, कोंढेपाली

मुक्काम कोंढेपाली, तालुका श्रीवर्धन, जिल्हा कुलाबा
रविवार, दिनांक १९ नोव्हेंबर १९६१